इजिप्तच्या क्रांतीनंतर बाहेरच्यांनी नक्की काय केलं?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये शेख हसीना ढाका सोडून निघाल्या आणि संध्याकाळपर्यंत आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निकाल लागलासुद्धा, हे सगळं अमेरिकेनं घडवलं म्हणून. मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नेपाळची पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा परत तेच फॉरवर्ड, फक्त देशाचं नाव बदलून. 'परकीय हात' हे प्रकरण आपल्याला इंदिराबाईंच्या काळापासून तोंडपाठ आहे, त्यामुळे ते चटकन ओठावर येतं. पण हा हात करतो काय, कुठल्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात जातो, हे विचारलं की ग्रुपवर सामसूम. म्हणून एकच केस नीट बघूया, इजिप्तची, कारण तिथे २०११ ते २०१३ मध्ये बाहेरच्यांनी जे केलं त्यातलं बरंचसं आता उघड आहे आणि आकडेही आहेत.

आधी क्रांती. २५ जानेवारी २०११ ला कैरोच्या तहरीर चौकात लोक जमायला लागले आणि ११ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले, तीस वर्षांची सत्ता अठरा दिवसांत. कारणं सगळी घरचीच होती. पोलिसांची दादागिरी (२०१० मध्ये अलेक्झांड्रियात खालेद सईद नावाच्या तरुणाला पोलिसांनी मारून टाकलं, त्याच्या नावानं फेसबुक पेज निघालं आणि तिथूनच बरंच पेटलं), बेकारी, महागाई, मुबारक आपल्या मुलाला, गमालला, गादीवर बसवणार ही भीती, आणि वर शेजारच्या ट्युनिशियात हुकूमशहा बेन अली नुकताच पळून गेलेला. अमेरिकेला याचा पत्ताच नव्हता. पहिल्याच दिवशी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन म्हणाल्या की इजिप्तचं सरकार स्थिर आहे, दोन दिवसांनी बायडन, जे तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते, टीव्हीवर म्हणाले की मी मुबारकना हुकूमशहा म्हणणार नाही. ज्याला क्रांती घडवायची असते तो असं बोलत नाही हो. शेवटी ओबामांनी मुबारकचा हात सोडला ते खरं, पण तोवर चौक भरून गेला होता.

म्हणजे गर्दी बाहेरून आणता येत नाही. बाहेरच्यांचं खरं काम सुरू होतं गर्दी घरी गेल्यावर, आणि तिथे आपण बघतच नाही कारण तोवर न्यूज चॅनेलवाले पण निघून गेलेले असतात.

मुबारक गेल्यावर सत्ता कोणाकडे गेली? चौकातल्या पोरांकडे नाही, सैन्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कौन्सिलकडे, फील्ड मार्शल तंतावी तिचे प्रमुख. आता या सैन्याचं आणि अमेरिकेचं नातं समजून घ्यायला पाहिजे. १९७९ मध्ये इजिप्तनं इस्रायलशी शांतता करार केला, त्यानंतर अमेरिकेची लष्करी मदत सुरू झाली आणि १९८७ पासून तो आकडा वर्षाला १३० कोटी डॉलरवर ठरून गेला. पण हे पैसे कैरोत बॅग भरून येत नाहीत. त्यातून इजिप्त अमेरिकन कंपन्यांकडूनच एफ-१६ विमानं घेतं, अपाचे हेलिकॉप्टर घेतं, अब्राम्स रणगाड्याचे भाग घेऊन कैरोजवळच्या कारखान्यात जोडतं. म्हणजे पैसा अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतो, तिथल्या कारखान्यांना काम मिळतं, तिथल्या खासदारांना ते हवंच असतं. बदल्यात अमेरिकेच्या युद्धनौकांना सुएझ कालव्यातून झटपट वाट मिळते, विमानांना आकाश मोकळं मिळतं आणि इस्रायलची ती सीमा शांत राहते. उठाव सुरू झाला तेव्हा इजिप्तचे सैन्यप्रमुख सामी अनान कुठे होते? वॉशिंग्टनमध्ये, पेंटॅगॉनच्या ठरलेल्या वार्षिक बैठकीला. दौरा अर्धवट टाकून परत आले बिचारे.

हे आपल्याकडच्या सोसायटीसारखं आहे, जनरल बॉडीत आरडाओरडा करून जुनी कमिटी हाकलून दिली पण वॉचमनचा पगार, लिफ्टचं मेंटेनन्स आणि पाण्याच्या टाकीची किल्ली सगळं बिल्डरकडेच, आता नवीन चेअरमनचं वॉचमन कितपत ऐकेल ते तुम्हीच सांगा.

आता गंमत बघा. २०११ च्या डिसेंबरअखेरीस याच लष्करी राजवटीत पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी एनजीओंच्या १७ ऑफिसांवर धाडी टाकल्या. निवडणूक कशी लढवायची, मतदारांशी कसं बोलायचं, निरीक्षक कसे नेमायचे असलं ट्रेनिंग देणाऱ्या या संस्था, त्यात अमेरिकेच्या दोन मोठ्या पक्षांशी जोडलेल्या दोन संस्था होत्या, जर्मनीची एक होती. ४३ लोकांवर खटला, आणि त्यात अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्याचा मुलगासुद्धा. आरोप काय तर परवान्याशिवाय काम आणि परदेशी पैसा. हे प्रकरण रेटणाऱ्या मंत्री फायझा अबुल नागा, मुबारकच्या काळापासून त्याच खात्यात, परदेशी मदतीचं खातं त्यांच्याकडेच! सरकारी चॅनेलवर तर २०१२ मध्ये एक जाहिरात लागायची, एक गोरा माणूस कॅफेत शिरतो, तिथल्या पोरापोरींशी गप्पा मारायला लागतो, ती बिचारी भोळेपणानं देशातल्या अडचणी सांगतात आणि हा मोबाईलवर टकटक करत बसतो, मग सूचना, अनोळखी माणसाशी बोलताना जपून. इतकी टिंगल झाली की जाहिरात काढावी लागली.

तर लोकशाही ट्रेनिंगसाठी आलेले काही कोटी डॉलर म्हणजे देशद्रोह आणि रणगाड्यांसाठी येणारे वर्षाचे १३० कोटी म्हणजे मैत्री. हा फरक लक्षात ठेवा कारण जवळपास प्रत्येक देशात हाच खेळ होतो, दिसणारा छोटा परदेशी पैसा बडवायचा म्हणजे मोठ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आणि अमेरिकेनं काय केलं? मार्च २०१२ मध्ये तिचे लोक जामीन भरून विमानात बसले आणि त्याच महिन्यात क्लिंटन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन लष्करी मदतीवरच्या लोकशाहीच्या अटी बाजूला ठेवल्या. मागे राहिले ते इजिप्शियन कर्मचारी. २०१३ च्या जूनमध्ये सगळ्या ४३ जणांना शिक्षा झाल्या, पुढे २०१८ मध्ये फेरखटल्यात त्यांची सुटका झाली, पण तोवर संस्था बंद झाल्या होत्या आणि सात वर्षं गेली होती. मला विचाराल तर कैरोतल्या जनरलांना खरा धडा इथेच मिळाला, की ही अमेरिका रागावते खूप पण पैसे थांबवत नाही.

आता दुसरा भाग, डॉलरचा. क्रांती झाली की टुरिस्ट पळतात, गुंतवणूकदार पळतात, आणि इजिप्तसारखा देश, जो गहू जगात सगळ्यात जास्त आयात करणाऱ्यांपैकी आहे, त्याला दर महिन्याला डॉलर लागतातच. २०११ च्या सुरुवातीला तिजोरीत परकीय चलन होतं साधारण ३,६०० कोटी डॉलर. २०१३ च्या मार्चमध्ये उरलं १,३५० कोटींच्या आसपास, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांची आयात. तिथे सबसिडीची बलदी रोटी तेव्हा ५ पियास्त्रला मिळायची, म्हणजे एका इजिप्शियन पौंडाला वीस, आणि १९७७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी सबसिडी कापली तेव्हा दंगली उसळून दोन दिवसांत माघार घ्यावी लागली होती, त्यामुळे रोटीला हात लावायची कोणाची हिंमत नाही.

अशा वेळी दारात आयएमएफ, म्हणजे अडलेल्या देशांना कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. २०११ च्या जूनमध्ये ३०० कोटींचं कर्ज जवळजवळ ठरलं होतं, लष्करी कौन्सिलनंच नको म्हणून सांगितलं. मग निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुर्सी, मुस्लिम ब्रदरहूड या जुन्या इस्लामी संघटनेचे, यांच्या वेळी नोव्हेंबर २०१२ मध्ये ४८० कोटींवर प्राथमिक सहमती झाली, अट ही की कर वाढवा आणि सबसिडी कमी करा. मुर्सींनी डिसेंबरमध्ये करवाढ जाहीर केली आणि काही तासांत, मध्यरात्रीनंतर, फेसबुकवरून मागे घेतली! कर्ज लटकलं ते लटकलंच. आयएमएफनं कट केला असं मी म्हणत नाही, त्यांची ती नेहमीचीच औषधं. पण नुकत्या जन्मलेल्या लोकशाहीला पहिल्याच वर्षी सांगायचं की लोकांची रोटी महाग कर मग पैसे देतो, यातून ती सरकारं टिकत नाहीत हेही तितकंच खरं.

आणि मग आखाती देश, जे या गोष्टीतले खरे खेळाडू आहेत आणि आपल्याकडच्या चर्चेत ज्यांचं नावच निघत नाही. त्यांच्यात दोन पार्ट्या होत्या. कतार मुस्लिम ब्रदरहूडच्या बाजूनं, अल जझीरा त्यांचंच, ब्रदरहूडचे धर्मगुरू करदावी कित्येक वर्षं दोह्यात राहिले आणि मुबारक गेल्यावर आठवड्यात तहरीरमध्ये येऊन त्यांनी शुक्रवारचं भाषण केलं. मुर्सींच्या एका वर्षात कतारनं जवळपास ८०० कोटी डॉलर दिले, तुर्कस्ताननंही हात दिला. दुसऱ्या बाजूला सौदी आणि यूएई. यांना ब्रदरहूड का नको? तर इथे धर्माचा प्रश्न फारसा नाहीच. सौदी राजा म्हणतो मी इस्लामचा रखवालदार म्हणून मी राजा, आणि ब्रदरहूड म्हणते इस्लामी राज्य मतपेटीतून पण येऊ शकतं, म्हणजे राजाची गरजच काय! यूएईनं तर २०१३ मध्ये आपल्याच ९४ नागरिकांवर खटला चालवला, त्यातले बरेचसे ब्रदरहूडशी नातं सांगणाऱ्या संघटनेचे. कैरोत जे चाललं होतं ते त्यांच्या दृष्टीनं घरात घुसणारं पाणी होतं. शिवाय अमेरिकेनं मुबारकना वाऱ्यावर सोडलं याचा सौदी राजाला भयंकर राग, आज त्याला सोडलं उद्या मला सोडतील.

पण म्हणून मुर्सी साधेसुधे बळी होते असंही नाही. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी ५१.७ टक्क्यांवर जिंकली, म्हणजे जवळपास अर्ध्या मतदारांनी मुबारकच्या शेवटच्या पंतप्रधानाला, शफीकला, मत दिलं होतं. एवढ्या काठावरच्या माणसानं सगळ्यांना धरून चालायला हवं ना. त्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये फतवा काढला की माझ्या निर्णयांना कोर्टात आव्हान देता येणार नाही, आणि मग घाईघाईत नवी राज्यघटना सार्वमताला टाकली, मतदानाला आले तेहतीस टक्के. तहरीरमधले त्यांचे निम्मे मित्र त्या महिन्यातच तुटले. तंतावी आणि अनानना त्यांनी २०१२ च्या ऑगस्टमध्ये घरी पाठवलं आणि त्यांना वाटलं सैन्य आता आपलं झालं, संरक्षणमंत्री केलं कोणाला तर अब्देल फत्ताह अल-सिसी यांना.

२०१३ च्या उन्हाळ्यात पेट्रोलच्या रांगा किलोमीटरभर, वीज तासन्‌तास गायब. एप्रिलमध्ये 'तमरुद' नावाची तरुणांची मोहीम सुरू झाली, मुर्सी हटाव म्हणून सह्या गोळा करणारी, त्यांचा दावा २ कोटी २० लाख सह्यांचा, जो कोणी मोजून बघितलेला नाही. ३० जूनला प्रचंड गर्दी रस्त्यावर आली. ती गर्दी खोटी नव्हती, भाड्याची नव्हती, लोक खरंच वैतागले होते. पण दोन वर्षांनी काही ध्वनिफिती फुटल्या ज्यात सिसींच्या ऑफिसातले अधिकारी तमरुदच्या खात्यात यूएईकडून आलेल्या पैशांबद्दल बोलताना ऐकू येतात. इजिप्त सरकार म्हणतं बनावट आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आपल्याला पचत नाही, की लोकांचा राग अस्सल होता आणि त्या रागाच्या गाडीत पेट्रोल कोणीतरी बाहेरून भरत होतं.

३ जुलैला सिसींनी टीव्हीवर येऊन मुर्सींना हटवलं. रांगा बघता बघता ओसरल्या, लोकांच्या भुवया तिथेच उंचावल्या. आणि आठवडाभरात तीन देशांनी मिळून १,२०० कोटी डॉलर जाहीर केले, सौदी ५००, कुवेत ४००, यूएई ३००. नुसती रोकड नाही, तेल आणि गॅससुद्धा, म्हणजे रांगा परत लागूच नयेत. ज्या ४८० कोटींसाठी निवडून आलेलं सरकार आयएमएफच्या दारात वर्षभर ताटकळलं त्याच्या अडीचपट पैसे बंडानंतर आठवड्यात, कसलीही अट नाही, रोटीला हात लावायची गरज नाही. मतदारांनी निवडलेल्याला श्वास घ्यायला वेळ मिळाला नाही आणि जनरलला वेळच वेळ मिळाला, बाहेरच्या पैशानं केलं ते एवढंच, आणि तेवढं पुरलं. सप्टेंबरमध्ये कतारचे २०० कोटी नव्या सरकारनं परतसुद्धा करून टाकले.

अमेरिकेचं काय? त्यांच्याकडे कायदा आहे की निवडून आलेल्या सरकारला सैन्यानं उलथवलं तर मदत बंद. त्यावर त्यांनी तोडगा असा काढला की हे लष्करी बंड होतं की नव्हतं हे आम्ही ठरवणारच नाही, तसं ठरवायला कायद्यानं आम्ही बांधील नाही! परराष्ट्रमंत्री जॉन केरी तर पाकिस्तानी चॅनेलवर बोलून बसले की सैन्य लोकशाही परत आणत होतं. संरक्षणमंत्री हेगल मात्र सिसींना वारंवार फोन करत होते, सबुरीनं घ्या, रक्तपात नको. सिसी स्वतः अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजमध्ये वर्षभर शिकून गेलेले, ओळखपाळख जुनी. शिवाय अमेरिकेचे विल्यम बर्न्स आणि युरोपचे बर्नार्दिनो लिऑन कैरोत बसून ब्रदरहूड आणि सैन्य यांच्यात समेट घडवायला बघत होते, यूएई आणि कतारचे मंत्रीही त्या खटाटोपात होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कैरोनं जाहीर केलं की प्रयत्न फसले. १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकातला ब्रदरहूडचा ठिय्या उठवताना एका दिवसात किमान ८१७ माणसं मेली, हा ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेचा आकडा. त्याच आठवड्यात सौदी परराष्ट्रमंत्री सौद अल-फैसल यांनी जाहीर सांगून टाकलं की पाश्चात्त्यांनी मदत थांबवली तर आम्ही अरब भरून काढू. आता ज्याच्या खांद्यावर हा हात आहे तो हेगलच्या फोनला कशाला घाबरेल?

ऑक्टोबरमध्ये ओबामांनी काही विमानं, रणगाड्यांचे भाग आणि २६ कोटींची रोकड अडवली, मार्च २०१५ मध्ये शस्त्रं परत सोडली. दरम्यान पुतिन यांनी २०१४ च्या फेब्रुवारीत सिसींनी उमेदवारी जाहीर करायच्या आधीच त्यांना शुभेच्छा देऊन टाकल्या होत्या, आणि मे महिन्यात सिसी ९६.९ टक्के मतांनी 'निवडून' आले.

यात सगळ्यात केविलवाणी अवस्था कोणाची झाली तर अमेरिकेच्या तिथल्या राजदूत ॲन पॅटरसन यांची. जूनमध्ये त्या एका भाषणात म्हणाल्या की रस्त्यावरच्या आंदोलनापेक्षा निवडणुकीनं जास्त साधेल, झालं, मुर्सीविरोधकांनी त्यांच्या फोटोवर लाल फुली मारून पोस्टर नाचवले, ओबामा अतिरेक्यांचे मित्र म्हणून. आणि ब्रदरहूडवाले म्हणत होते बंड अमेरिकेनंच घडवलं. दोन्ही बाजूंना खात्री की परकीय हात समोरच्याचा आहे, आणि ज्यांनी खरोखर चेक फाडले त्यांचे झेंडे मात्र कैरोत आदरानं फडकत होते.

ट्युनिशियाशी तुलना केली की चित्र अजून स्पष्ट होतं. तिथेही क्रांती, तिथेही इस्लामी पक्ष निवडून आला, तिथेही २०१३ मध्ये दोन नेत्यांच्या राजकीय हत्या होऊन देश फुटायच्या बेतात. पण तिथलं सैन्य लहान, त्याला बाहेरून पोसणारा मोठा धनी नाही, इस्रायलची सीमा नाही, सुएझ नाही. उलट तिथे यूजीटीटी नावाची तगडी कामगार संघटना होती, तिनं मालकांची संघटना, वकील आणि मानवी हक्कवाल्यांना सोबत घेऊन सगळ्या पक्षांना टेबलावर बसवलं, त्या इस्लामी पक्षानं, एन्नाहदानं, सत्ता सोडली, २०१४ मध्ये घटना झाली, २०१५ मध्ये त्या चौघांना नोबेल. इजिप्तमध्ये जे झालं ते बघून एन्नाहदाचे लोकही हादरले होते, हेही एक कारण. तिथली लोकशाही पुढे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी गुंडाळली, पण तेव्हा चौकात रणगाडे कमी आणि राजकारण्यांना कंटाळलेले मतदारच जास्त होते.

सुदानमध्ये २०१९ च्या एप्रिलमध्ये हुकूमशहा उमर अल-बशीर सत्तेवरून गेला तेव्हा दहा दिवसांच्या आत सौदी आणि यूएईनं लष्करी कौन्सिलसाठी ३०० कोटी डॉलर जाहीर केले. राजधानी खार्तूमच्या पोरांनी इजिप्त नीट बघितलेला होता. लष्कराच्या मुख्यालयासमोर ठिय्या देऊन ती घोषणा देत होती, एकतर जिंकू नाहीतर आपला इजिप्त होईल, आणि फलाफल आणि बीन्स खाऊन राहू पण तुमचे पैसे नकोत. ३ जूनला तो ठिय्या गोळ्या घालून उठवला, शंभरावर माणसं गेली. नंतर नागरी आणि लष्करी मिळून सरकार बनलं, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सैन्यानं तेही पाडलं, आणि एप्रिल २०२३ पासून तिथले दोन जनरल एकमेकांशी युद्ध करतायत.

राहिलं इजिप्तचं बिल. २०१६ मध्ये सिसींनी तांबड्या समुद्रातली तिरान आणि सनाफिर ही दोन बेटं सौदीला द्यायचा करार केला, लोक रस्त्यावर आले, कोर्टानं अडवलं, तरी २०१७ मध्ये संसदेनं मंजूर केलं. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच आयएमएफकडून १,२०० कोटींचं कर्ज, पौंडाचा भाव बाजारावर सोडला, सबसिड्या कापल्या, म्हणजे मुर्सींना जे जमलं नाही ते सगळं, फक्त आता विरोध करणारे तुरुंगात होते. २०२३ च्या जानेवारीत दाव्होसला सौदी अर्थमंत्री म्हणाले की बिनशर्त फुकट पैसे देण्याचे दिवस संपले. २०२४ च्या फेब्रुवारीत यूएईनं भूमध्य समुद्रावरचा रास अल-हिकमा हा किनारा विकसित करायला ३,५०० कोटी डॉलरचा सौदा केला, जूनमध्ये ५ पियास्त्रची रोटी २० ची झाली, आणि २०१९ मध्ये बदललेल्या घटनेनुसार सिसी २०३० पर्यंत खुर्चीवर राहू शकतात.